लुडोचा पेशंट

व्यसनमुक्ती केंद्रात नर्स आहे असं सांगितलं की लोक मला दोन प्रश्न विचारत. एक, "भीती नाही वाटत?" आणि दुसरा, जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून, "आमच्याकडचे एक आहेत, त्यांना आणू का?" पहिल्याला "नाही" आणि दुसऱ्याला "आणा" असं सांगत माझी सव्वीस वर्षं गेली.

आमचं केंद्र रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. वीस खाटा, एक डॉक्टर, दोन समुपदेशक, आम्ही तिघी नर्स आणि बापू. बापू गाडी चालवायचे, बाजार करायचे आणि वेळ पडली तर सहा फुटी पेशंटला धरून आंघोळही घालायचे. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही माणसाला कोंडून ठेवतो आणि तो आपोआप सुधारतो. तसं काही नसतं. दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर बंड करतं. हात थरथरतात, घामाने कपडे भिजतात, कुणाला फिट येते, कुणाला नसलेली माणसं दिसतात. ते दिवस औषधांनी आणि इंजेक्शनांनी सांभाळून न्यायचे. साधारण आठवड्याभरात माणूस भूक लागली म्हणतो, दाढी करतो, आणि घरच्यांना वाटतं झालं काम. आमचं काम तिथे सुरू होतं. दारूने त्याच्या दिवसातले पाचसहा तास व्यापलेले असतात. ते रिकामे झाले की त्या तासांत तो काय भरतो, इकडे लक्ष ठेवावं लागतं.

हे मी आता शहाण्यासारखं सांगतेय. हे मला शिकवलं दिलीपने, आणि तेसुद्धा माझी चूक झाल्यावर.

दिलीप पोफळीच्या वीजघरात देखभालीच्या कामावर होता. वय चव्वेचाळीस, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं, राहायला तिथल्याच वसाहतीत. कामावर कधी प्यायला नाही याचा त्याला मोठा अभिमान. कामावरून सुटला की मात्र थांबायचा नाही. त्याची बायको सुनंदा त्याला घेऊन आली ती चिपळूणला एसटी बदलून, एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात त्याचं मनगट धरून.

तिसऱ्या दिवशी दिलीपला चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या. मी चादर झटकत होते, तो म्हणत होता, "सिस्टर, तिकडे, तिकडे पण." दोन तास मी त्या नसलेल्या मुंग्या झटकल्या. मुंग्या नाहीत असं अशा वेळी पटवत बसायचं नसतं, माणूस आणखी घाबरतो. आपण जवळ आहोत एवढं त्याला कळलं पाहिजे. पुढे बरा झाल्यावर तो लाजून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही माझ्या मुंग्या मारल्यात."

तेव्हापासून तो माझा लाडका पेशंट. बागेला पाणी घालायचा, पंखे दुरुस्त करायचा, गटचर्चेत मोकळेपणाने बोलायचा. आमच्याकडे पेशंटचे मोबाइल कपाटात ठेवलेले असत. रविवारी जेवणानंतर अर्धा तास घरी बोलायला मिळत. दिलीप मोबाइल घेऊन आंब्याच्या कलमाखाली जाऊन बसायचा आणि अर्धा तास झाला की मला हाक मारून बोलवावं लागायचं. मला वाटायचं, किती माया आहे घरच्यांची.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. औषधं कशी घ्यायची, कुठल्या रस्त्याने जायचं नाही, जुने मित्र आले तर काय बोलायचं, सगळं सांगून झालं. सुनंदा उठता उठता म्हणाली, "डाक्टर, एक इचारू? ते मोबाइलवर लुडो लय खेळतात. त्याचं काय करायचं?"

डॉक्टर हसले. मीही हसले. दिलीपही हसला, जरा उशिरा.

"अगं, खेळू दे," मी तिला म्हटलं, "दारूपेक्षा केव्हाही बरं. मन रमेल."

सुनंदाने मान डोलवली. सिस्टर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार.

पाच महिन्यांनी, गणपती नुकतेच झाले होते तेव्हा, सुनंदा एकटीच आली. माझी ड्यूटी संपेपर्यंत बाकावर बसून राहिली. मी विचारलं, "पितो का परत?"

"नाय. थेंब नाय."

"मग?"

ती म्हणाली, "सिस्टर, दारू पीत होते तवा शुद्धीत असले म्हंजे माझ्याशी बोलायचे तरी. आता रोज शुद्धीत असतात, आनि बोलत नायत."

मग एकेक सांगायला लागली. सकाळी उठल्यावर लुडो. जेवताना उजव्या हाताने घास आणि डाव्या हाताने लुडो. न्हाणीघरात मोबाइल घेऊन गेला की तापवलेलं पाणी गार होतं तरी बाहेर येत नाही. गावच्या घरी गणपतीत आरतीला उभा राहिला, एका हाताच्या बोटाला टाळ लोंबकळतोय आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मोठ्या भावाने तो काढून घेतला तर भर आरतीत भावाच्या अंगावर धावून गेला. "दारूत सुद्धा कदी हात उचलला नव्हता त्यांनी," सुनंदा म्हणाली.

हे ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. मी तिला चहा पाजला, पुढच्या गुरुवारी त्याला घेऊन ये म्हणून सांगितलं आणि डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सांगू म्हणून घरी गेले. गुरुवारी दिलीप आला नाही. "लुडोसाठी दवाखान्यात जातात काय कोण?" असं म्हणाला म्हणे. त्याचं तरी काय चुकलं? हसायला त्याला आम्हीच शिकवलं होतं.

आणखी दोन महिन्यांनी तो परत आला तो पिऊनच. झालं असं, की डावापायी त्याची झोप गेली. डोळे मिटले तरी सोंगट्या पळताना दिसायच्या. झोप यावी म्हणून एक दिवस एकच पेला घेतला. झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. पंधरा दिवसांत मूळ पदावर. दारूतून सुटला म्हणून त्याच्याच कामावर त्याचा नारळ-शाल देऊन सत्कार झाला होता. ती शाल पिशवीत घालून सुनंदाने त्याला आणलं, का कुणास ठाऊक. बहुधा हाताला लागलं ते भरलं असेल.

या वेळी त्याच्या शेजारच्या खाटेवर गुरुजी होते. गुरुजी मांडवीचे, निवृत्त शिक्षक, सत्तरीला आलेले, यकृत पार थकलेलं. आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी दारू दोन वर्षं सोडली होती आणि त्या दोन वर्षांत त्यांना मोबाइलवरून वस्तू मागवायचा नाद लागला होता. खास करून टॉर्च. घरात बावीस टॉर्च जमल्या होत्या. कपाळाला बांधायची, सायकलला लावायची, पाण्याखाली चालणारी. "अहो, मला पोहता येत नाही," हे ते स्वतःच सांगायचे. पार्सल यायचं असलं की सकाळपासून खिडकीत. खोका फोडेपर्यंत छाती धडधडायची. फोडला की पाच मिनिटांत सगळं शांत, आणि मग पुढची शोधायची. शेवटी मुलाने मोबाइल काढून घेतला आणि त्याच संध्याकाळी गुरुजी जाऊन प्यायले.

दिलीपची थरथर, घाम, सगळं आठवड्यात ओसरलं. तरी माणूस ताळ्यावर येईना. चिडचिड करायचा, ताट अर्धं टाकायचा, गटचर्चेत दाराकडे बघत बसायचा. आम्ही औषध वाढवायचा विचार करत होतो. एक दिवस गोळ्या देताना गुरुजींनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"बाई, त्याचा अंगठा बघा."

दिलीप भिंतीकडे तोंड करून पडला होता. उजवा हात चादरीवर होता आणि अंगठा एकाच जागी टेकत होता. टेकला, उचलला. टेकला, उचलला.

"फासा टाकतोय," गुरुजी म्हणाले. "तुम्ही त्याची दारू बंद केलीत ती औषध देऊन, आठवडाभर उशाशी बसून. हे कपाटात टाकलंत आणि कुलूप लावलंत. याच्यासाठी कोण बसलं त्याच्या उशाशी?"

त्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतर हजेरी घेतली तर दिलीप नव्हता. मागच्या गडग्यावरून, दगडी कुंपणावरून, उडी मारून गेला होता.

पेशंट पळाला की कुठे शोधायचा हे बापूंना पाठ होतं. आम्ही गाडी काढली. नाक्यावरचं देशी दुकान बघितलं, त्याच्या पुढचा बार बघितला, तिथून उतारावरचे दोन. प्रत्येक ठिकाणी बापू आत जाऊन यायचे आणि मान हलवायचे. सुनंदाला काय सांगायचं, या विचाराने मला काही सुचत नव्हतं.

एसटी स्टँडवर पोफळीकडे जायची गाडी पकडली असेल म्हणून शेवटी तिथे गेलो. दिलीप फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसला होता. केंद्राचा पायजमा, पायात चप्पल नाही. मान खाली. शेजारी एक वयस्क गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसले होते. मला बघून त्यांना हायसं वाटलं.

"हे तुमचे काय, बाई? एक डाव खेळू द्या म्हणाले म्हणून मोबाइल दिला. हा चौथा डाव. माझी देवरुखची गाडी गेली."

मी दिलीपसमोर उभी राहिले. त्याला मी दिसले नाही. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, आणि हात तसेच थरथरत होते, जसे पहिल्या वेळी तिसऱ्या दिवशी थरथरत होते. तो आला त्या रस्त्यात दारूची चार ठिकाणं होती. तो एकीकडेही वळला नव्हता.

"दिलीप," मी म्हटलं, "त्यांचा मोबाइल त्यांना दे."

"दोन मिनिटं, सिस्टर. शेवटची सोंगटी आहे."

मी त्याच्या शेजारी बसले. हिसकावून घेतला असता तर काय झालं असतं ते गणपतीच्या आरतीत झालंच होतं. शेवटची सोंगटी घरात गेली. तो जिंकला होता बहुतेक, पण चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मोबाइल परत दिला, त्या गृहस्थांना हात जोडले आणि गाडीत येऊन बसला. बापूंनी गाडी सुरू केली. थोडं पुढे आल्यावर दिलीप रडायला लागला.

"दारू सोडली तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली, सिस्टर. हे सोडायचंय म्हणून कोणाकडे जाऊ? लोक हसतात."

"काय आहे रे त्यात एवढं?" मी विचारलं. चिडून नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि इतक्या वर्षांत मी कुणालाच विचारलं नव्हतं.

तो विचार करून बोलला. "घरात मला कोण काय सांगत नाय. गॅस संपला तरी भावाला फोन जातो. इतकी वर्षं प्यायलो, कोणाचा भरवसा राहिला नाय, बरोबर आहे त्यांचं. पण तिकडे समोर कोणीतरी असतं. माझी पाळी आली की तो थांबून राहतो. माझ्याशिवाय डाव पुढे जात नाय."

बापूंनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

केंद्रावर आल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि माझ्या सल्ल्यापासून सुरुवात केली. आमचे डॉक्टर मोठ्या मनाचे. ते म्हणाले, "सिस्टर, हसलो तर मी पण होतो." त्यांनी पुस्तकं काढली, पुण्यामुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केले. त्यांच्याकडे असे पेशंट कधीपासून येत होते. कुणी दारूबरोबर आकडा लावतो, कुणी तंबाखू सोडल्यावर दिवसभर मोबाइलवर असतो, कुणाला खरेदीवाचून चैन पडत नाही. नाद कशाचाही असला तरी ओळखायच्या खुणा त्याच. थांबायचं ठरवून थांबता येत नाही, रोज थोडं जास्त लागतं, आणि काढून घेतलं की माणूस सैरभैर होतो, खोटं बोलतो. आणि दारूबरोबर असा दुसरा नाद असला तर दोन्हींवर एकदमच इलाज करावा लागतो. एक बंद करून दुसरा मोकळा सोडला की त्या वाटेने पहिला घरात परत येतो. सगळ्यांनाच असं होतं असं नाही. पुष्कळ माणसं दारू सोडून मोबाइलवर सुखाने खेळतात. म्हणूनच प्रत्येकाला विचारावं लागतं, आणि विचारताना हसायचं नाही.

मग दिलीपसाठी आम्ही बसलो. खेळावंसं वाटलं की किती वाजता, कशानंतर, हे तो वहीत लिहायचा आणि संध्याकाळी माझ्यापुढे वाचायचा. समुपदेशकांनी सुनंदाला आणि भावाला बोलावून समोरासमोर बसवलं. घरी बटणांचा साधा मोबाइल वापरायचं ठरलं. गॅस, लाइटबिल, आईची औषधं आणणं ही कामं दिलीपकडे सोपवायची, विसरला तर विसरू दे, पण त्याच्या हातून काढायची नाहीत, हेही ठरलं. उत्साहाच्या भरात डॉक्टर म्हणाले, "घरी पुठ्ठ्याचा लुडो आणा, सगळे मिळून खेळा!"

मागून गुरुजींचा आवाज आला. "डॉक्टर, मग मलाही एक छोटीशी टॉर्च मिळेल का?"

त्या दिवशी केंद्रातले सगळे हसले. दिलीप सगळ्यात आधी. पुठ्ठ्याचा बेत अर्थातच रद्द झाला.

गुरुजी आणि दिलीप एकाच आठवड्यात घरी गेले. दर रविवारी गुरुजी त्याला फोन करायचे आणि हजेरी घ्यायचे, "बोला, दारू? लुडो?" मग दिलीप विचारायचा, "टॉर्च?" हे पुढे दहा महिने चाललं. गुरुजींचं यकृत काही सुधारलं नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलाने सांगितलं, शेवटच्या दिवसांत एकदाच पार्सल आलं होतं आणि बाबांनी ते न फोडता परत पाठवलं. मांडवीच्या घरी मी भेटायला गेले तर कोपऱ्यात सगळ्या टॉर्च रांगेने मांडलेल्या. मुलगा म्हणाला, "न्या ना एक, बाई." मी घेतली नाही. आता वाटतं, घ्यायला हवी होती.

गुरुजींच्या आधी, दिलीपच्याही आधी किती माणसं माझ्या हाताखालून गेली. "बरा झाला" म्हणून ज्यांना मी फाटकापर्यंत सोडलं आणि जे वर्षाच्या आत परत आले, त्यांना आम्ही मनाने कच्चे म्हणत होतो. त्यातल्या कितींना दुसरं काही जडलं होतं? मी विचारलंच नाही. नोकरीत खूप काही चांगलं झालं हातून, पण हे मनातून जात नाही.

मी निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. एका सकाळी दिलीपचा फोन आला. त्याची आई जाऊन महिना झाला होता.

"सिस्टर, दारू घेतली नाय. पण पुतण्याच्या मोबाइलवर तीन दिवस लुडो खेळतोय. काल कामावर गेलो नाय. येऊ काय?"

"सुनंदाला घेऊन ये," मी म्हटलं. "आधी माझ्याकडे. मग मी येते तुझ्याबरोबर केंद्रावर."

दुपारी बारा-साडेबाराला दोघं आली. मी भात आणि बांगड्याचं तिकलं केलं होतं. दिलीप नीट जेवला. अंगठा अधूनमधून हलत होता, पण तो मला दाखवून हसला, "बघा, चाललाय." जेवण झाल्यावर बापू गाडी घेऊन आले. सुनंदा उठायला लागली तर दिलीप म्हणाला, "तू थांब गो. मी जातो ना सिस्टरबरोबर. मलाच सांगायचंय ता."

केंद्रावर नवी नर्स होती, मला न ओळखणारी. तिने विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

"दोन वर्षं होतील," दिलीप ताठ बसून म्हणाला. "दारूसाठी नाय आलो. लुडोसाठी आलोय."

तिने मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. "बरं केलंत लवकर आलात," ती म्हणाली. "दिवसातले किती तास होतात?" आणि तो सांगू लागला तसं ती लिहून घेऊ लागली. मी थोडा वेळ दारात उभी राहिले. माझं तिथे काही काम नव्हतं.

घरी परत आले तर सुनंदा पडवीतल्या खाटेवर झोपली होती. जरा टेकते म्हणून आडवी झाली असणार. पायातली चप्पलही काढली नव्हती. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबलेला. नवऱ्याला किती वेळा तिने आमच्याकडे पोचवलं आणि तशीच उलट पावली घरी गेली. तू झोपतेस का, तू जेवतेस का, हे आम्ही तिला कधी विचारलं नव्हतं. मी तिची चप्पल काढली, पंखा वाढवला. चिपळूणची साडेतीनची गाडी होती. बापू आत डोकावून म्हणाले, "उठवू काय तिला? गाडी चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं.

साडेतीनची गेली. पाचचीही गेली. ती साडेपाचला जागी झाली, बावरून इकडेतिकडे बघायला लागली आणि म्हणाली, "अगो बाय, किती झोपलंय मी!"

मी चहा टाकायला उठले.